बाजाराचा दिस धरून

माझ्या सत्यशीलाले गणित म्या शिकवलं. हे आधीच सांगून ठेवते, काहून की आमच्या वस्तीत आता जो उठला तो म्हणते, "बेबीताईनं पोरगी घडवली." घडवली म्हणे! चुलीपुढं बसवून पाढे कोणं घोकून घेतले? निमकी-पावकी कोणं पाठ करून घेतली? ती बेबी तं आत्ता आली, दिवाळीनंतर, आमच्या शाळेत बदली होऊन. आन् आल्याबरोबर साऱ्याइची ताई झाली. सारे तिले बेबीताई म्हणते, बेबीताई बसा, बेबीताई चहा घ्या. मी नाही म्हणत. मी बेबी म्हणते. लहानपणी शेंबूड पुसलाय म्या तिचा.

मी कौसल्या. दिग्रसले जिनात कामाले जाते, जिथी मशीनवर कापसाची सरकी निघते तिथी. आमचे घरचे, डोमाजी, तिथीच हमाल हायेत. मी चौथी पास हावो. माहेरच्या वस्तीत माझ्या वयाच्या पोरीइत चौथी पास दोघीच होतो, एक मी आन् दुसरी बेबी.

आमच्या वक्ती आमाले वर्गात बसू देत नव्हते. दाराबाहेर पडवीत बसाचं. फळा दिसे नाही. मास्तर आतून गणित वाचे, तेही भरभर, आन् दुसऱ्यांदा सांगे नाही. मंग म्या एक रीत काढली. गणितातलं माणूस डोळ्यापुढं उभं कराचं. शेतकरी असला तं आमच्या गावचा पंजाबराव पाटील. दूधवाली असली तं लालीबाई, तिच्या कासंडीसकट. तिनं किती ओतलं ते पाहाचं, की किती उरलं ते आपोआप दिसे. मास्तरचं वाचून होये आन् मी बाहेरून उत्तर ओरडो. आतली पोरं माना वळवून पाहे. आन् बेबी? बेबी माझ्या पाटीवरून उतरवून घे. शेजारीच बसे ना ती.

पण चौथी होताच माझं लग्न लागलं, आन् तिचा बाप होता दवाखान्यात चपराशी, त्यानं तिले शिकवलं. सातवी झाली, यवतमाळले नार्मल स्कूल झालं, मास्तरीण झाली. लग्न नाही केलं तिनं. माझं डोकं सरकीत गेलं, तिचं पगारात. असो. पण असो कायले म्हणू? नाही म्हणत मी असो.

सत्यशीलाचं पाळण्यातलं नाव जनी. आमी दीक्षा घेतली त्या साली ते बदललं. घरी आमी शीला म्हणतो. यंदा ती चौथीत होती, आन् चौथीले स्कालरशिपची परीक्षा राह्यते. त्याच्यात जे लेकरू पास झालं त्याले पुढं शिकाले सरकार मदत देते. नाही झालं तं? नाही झाली तं शीला माझ्यासंग जिनात. तिच्या मांगं दोन लहाने हायेत घरी, दुसरा रस्ता आमच्याजवळ नव्हता. डोमाजी म्हणे, "पाहू, नशिबात असंन तं होईन." मी म्हणो, "नशीब बसते का पेपर लिहाले?"

आन् स्कालरशिपचा पेपर म्हंजे नुस्ती बेरीज-वजाबाकी नसते. सारी गणितं गोष्टीतली. अमक्यानं इतकं घेतलं, तमक्यानं इतकं देल्लं, तं काय? लेकरं तिथीच मरते. आकडे येते, पण त्या आकड्याइचं कराचं काय हे समजत नाही. शीलाचंही तसंच होतं. एक दिवशी हौदाचं गणित घेऊन रडकुंडीले आली. एका नळानं हौद भरते, दुसऱ्यानं रिकामा होते, दोन्ही उघडे राह्यले तं किती वेळात भरीन?

"माय, कोण मूर्ख दोन्ही नळ उघडे ठेवते वो?"

"असते एखादा. चाल माझ्यासंग."

आमच्या बालटीले बुडाशी भोक होतंच. विहिरीवर नेलं तिले. म्हटलं, मी ओतते, तू पाह्य. मी तांब्यानं ओतो आन् खालून धार लागे. "मी तीन तांबे ओतो तवर एक तांब्या गळून जाते. मंग बालटीत किती राह्यलं?" "दोन." "अजून तीन ओतले तं?" "चार." "बालटी बारा तांब्याइची हाये. आता तूच सांग किती ओता लागते ते." पोरगी उभ्या उभ्या बोटं मोजाले लागली आन् एकदम हासली. बाजूची मानीबाई धुणं धुवून राह्यली होती, ती ओरडली, "काहून वो पाण्याची नासाडी करून राह्यल्या मायलेकी?" म्या म्हटलं, "शाळा भरली हाये, बसाचं असंन तं बस." असं शिकवलं म्या. भाकरी थापता थापता शिकवलं, सरकी निवडून बोटं सोलली तरी शिकवलं.

आन् मंग आली बेबी.

आल्या आल्या तिनं समाजमंदिराच्या ओट्यावर स्कालरशिपच्या लेकराइची शिकवणी मांडली, रोज शाळा सुटल्यावर. फुकट, म्हणे. सारी वस्ती वा वा करून राह्यली. मी म्हटलं, कायची फुकट? पगार घेते ना सरकारचा? पण शीलाले नाही कसं म्हणू? साऱ्याइची लेकरं जाऊन राह्यली होती. गेली तीही.

तवापासून आमच्या घरात एकच. ताई म्हणते, ताई म्हणते, ताई म्हणते. ताई म्हणते गणित आधी तीनदा वाचाचं, पाटीले हात नाही लावाचा. ताई म्हणते काय इचारलं त्याच्याखाली रेघ ओढाची. ताई म्हणते पुस्तक मिटून गणित आपल्या शब्दात सांगाचं. ताई म्हणते माणसाइची नावं-गावं सोडून द्याची, आकडे तेवढे धराचे.

एक दिवशी मी बोललीच. "आन् ताई हे नाही म्हणत का, की लहानपणी मी तुझ्या मायच्या पाटीवरून उतरवत होती?"

पोरगी खो खो हासली. मले वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणते, "माय, ताईले इचारलं. ताई म्हणे, हो, खरं हाये. कौसल्या लय हुशार होती."

होती! म्हणे, होती! अंगाची अशी लाही लाही झाली की हातातली भाकर तव्याबाहेर पडली. तिनं नाही म्हणाले पाह्यजे होतं. मंग मले भांडता आलं असतं. हो म्हणून मोकळी झाली, आन् वर मोठेपण घेऊन गेली.

किलो-ग्रॅमची गणितं आली तवा तं हद्द झाली. मी शिकली ते शेर, पायली, आणे, पै. आता नये पैसे आले, किलो आला, पुस्तकं बदलली. शीलानं ती गणितं मले दाखवलीच नाही. म्या पाटी हातात घेतली तं हळूच म्हणते, "राहू दे माय, ते ताईले इचारीन." राहू दे! मी काय ते शिकली नसती? एकदा सांगून तं पाहाचं होतं मले.

मी एक दिवशी जिनातून सुटली आन् समाजमंदिराच्या बाजूनं घरी आली. तो रस्ता लांबचा हाये, पण आली. सारी लेकरं ओट्यावर बसली होती आन् माझी पोरगी पुढं उभी राहून काहीतरी सांगत होती. काय सांगत होती ते ऐकू नाही आलं. बेबी तिच्या मांगं बसली होती आन् सुटलेली वेणी घालून देत होती तिची. तोंडानं गणित चालू आन् हातानं वेणी चालू. शीलाले मी वेणी घालाले बसवली की ती चुळबुळ करते, हुं हुं करते, डोकं हलवते. तिथी कशी उभी! खुंट्यासारकी. मी तशीच घरी गेली. शीला आली तवा म्या वेणी सोडली आन् नव्यानं घातली, चांगली आवळून. ती काही बोलली नाही. मीही बोलली नाही. दोन दिस बोलली नाही मी तिच्यासंग. डोमाजी म्हणे, "पोरीचा काय गुन्हा हाये वो?" मी म्हटलं, "तुमाले नाही समजत." त्याइले खरंच समजत नव्हतं.

मंग तो दिवस आला. परीक्षा जवळ आलती, आन् बेबीनं लेकराइचा सराव पेपर घेतला. संध्याकाळी ती स्वतःच आमच्या घरी हजर, शीलाले संग घेऊन, हातात पेपर. पांढरं पातळ, चष्मा, पायात चपला. डोमाजीनं घाईघाईनं बाज झटकून देल्ली. मी चुलीपुढून उठली नाही.

"कौसल्ये," बेबी म्हणे, "तुझ्या पोरीनं साऱ्या पेपरात एकच गणित चुकवलं. पण काहून चुकवलं ते तुले सांगावं म्हटलं."

"सांग."

"बारा मजूर एका शेतातला कापूस सहा दिवसात वेचते, तं नऊ मजुराइले किती दिवस लागतीन? आठ पाह्यजे. तिनं नऊ लिहले. इचारलं तं म्हणते, ताई, आठच येते, पण मधात बाजार येते."

म्या शीलाकडं पाह्यलं. "सांग वो, कसं केलं."

शीला एकदा तिच्याकडं पाहे, एकदा माझ्याकडं. मंग सांगाले लागली. "बारा जण बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लागले. सहा दिस वेचलं, कापूस सरला, बाजाराले मोकळे. पण नऊ जणाइचं सहा दिसात नाही सरलं. मंग बाजार आला. बाजाराच्या दिवशी कोण जाते वेचाले? त्या दिवशी तं हप्त्याची मजुरी भेटते, मीठ-मिरची आणा लागते. मंग बाजार झाल्यावर अजून दोन दिस. झाले नऊ."

काय सांगू तुमाले! छातीत माझ्या ढोल वाजले. पोरीनं शेत डोळ्यापुढं आणलं होतं. माणसं उभी केली होती, त्याइच्या पोटाची फिकीर केली होती. ही माझी रीत! नावं-गावं सोडून द्याची म्हणत होती ना ताई? नाही सोडली माझ्या पोरीनं.

"बराबर हाये," मी म्हटलं. "नऊच लागते."

"मले का मालूम नाही?" बेबी म्हणे. "म्या बी वेचलाय कापूस, तुझ्याच संग. पण पेपर तपासणारा अमरावतीचा राहीन, नाहीतं पुण्याचा. त्याले आपला बाजार कायले मालूम?"

"मंग मालूम करून घे म्हणा त्याले."

"कौसल्ये, तो आठ शोधीन. आठ दिसले तं मार्क, नऊ दिसले तं शून्य. त्याच्यापुढं असे पेपर ढीगभर राह्यते. तू पोरीले समजावून सांग, तुझं ऐकीन ती. गणितात जेवढं लिहलं तेवढंच धराचं."

आता ती बराबर बोलत होती. मले समजत नव्हतं असं नाही. पण ती माझ्या घरात, माझ्या बाजेवर बसून, माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बोलत होती, आन् तो हात मले दिसून राह्यला होता. माझ्या तोंडून निघालं, "तुले पह्यलेपासून दुसऱ्यानं लिहलं तेच लिहाची सवय हाये, बेबे."

डोमाजी ओरडले, "कौसल्या!"

बेबीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "हो," म्हणे, "हाये सवय." आन् उठली. पेपर बाजेवर ठेवला आन् गेली.

मले थांबाले पाह्यजे होतं. पण राग डोक्यात चढला की मी थांबते कुठी? म्या शीलाले म्हटलं, "उद्यापासून समाजमंदिरात जाचं नाही. आन् परीक्षेत असं गणित आलं तं बाजाराचा दिस धरूनच करजो. माझी पोरगी हायेस तू."

"बरं," शीला म्हणे. आन् घागर घेऊन पाण्याले गेली. रडली नाही की रुसली नाही. मले तिनं भांडावं असं वाटत होतं.

तिथून पुढं रोज संध्याकाळी म्याच शिकवलं. किलोचं पुस्तक मी जिनातल्या मुनीमाकडून समजून घेतलं, हो, समजून घेतलं! पोरगी मन लावून करे. ताई म्हणते, हे तोंडातून निघे नाही. घरात कशी शांतता झाली. पाह्यजे होतं तेच झालं होतं मले, मंग मले घास काहून गोड लागत नव्हता? एक दिवशी तिची वाचून झालेली गणितं मी पाहून राह्यली होती. कागद उजेडात तिरपा केला तं काय दिसलं? काय इचारलं त्याच्याखाली रेघ ओढली होती. पेन्सिलीनं नाही, नखानं. मले दिसू नये म्हणून नखानं ओढली होती पोरीनं. म्या कागद होता तसा ठेवून देल्ला. पण दिवसभर ते नख माझ्याच काळजात रुतून राह्यलं.

परीक्षा दिग्रसच्या मोठ्या शाळेत होती. मी जिनात अर्ध्या दिवसाची सुट्टी सांगून फाटकापाशी जाऊन उभी राह्यली. पाहते तं बेबी तिथी आधीच हजर, चिंचेखाली. तिची बाकीची लेकरं होती ना परीक्षेले. ती मले पाहून हासली. म्या मान वळवली.

घंटा झाली. लेकरं सुटली. बेबीची लेकरं बेबीकडं धावली, तिच्या भोवती गराडा झाला. शीला मागून आली. फाटकात थांबली. तिनं चिंचेकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं पाह्यलं. मंग ती माझ्याकडं आली.

"कसा गेला?"

"चांगला गेला."

"तसं गणित आलतं का?"

"आलतं. दहा मजूर सहा दिवसात नाली खोदते, तं सहा मजूर किती दिवसात खोदतीन?"

दहा, मी मनात म्हटलं. आन् बाजार धरून अकरा. "मंग? किती लिहले?"

शीलानं माझ्या तोंडाकडं पाह्यलं. बेबीही तवर जवळ आलती. "अकरा," शीला म्हणे.

मी हासली. खोटं कायले बोलू, तोंडभर हासली. आन् बेबीकडं पाह्यलं. तिचं तोंड एकदम उतरलं. तिनं शीलाच्या गालाले हात लावला आन् आपल्या लेकराइत गेली. मी पोरीचा हात धरून अशी चालली दिग्रसच्या रस्त्यानं, की जशी माझीच स्कालरशिप झाली. रस्त्यात तिले फुटाणे घेऊन देल्ले. जिंकली होती मी. बेबीसमोर माझ्या पोरीनं माझं ऐकलं होतं.

घरी डोमाजी होते. म्या सांगतलं, "तस्संच गणित आलतं, आन् तुमच्या पोरीनं बाजार धरला. अकरा लिहले!"

"आन् पुस्तकाच्या हिशेबानं किती?"

"दहा."

"मंग ते गणित तं गेलं ना वो."

एवढंच म्हणे तो माणूस. आवाज नाही चढवला की काही नाही. मी त्याइच्यावरच खेकसली, "एका गणितानं काय होते?" ते म्हणे, "मले काय मालूम? तूच म्हणत होती, एका मार्कानं लेकरं राह्यते म्हणून." आन् हातपाय धुवाले गेले.

तवा मले समजलं मी कायले हासली होती ते. फाटकापाशी मले बेबी हरलेली दिसली, पोरगी दिसलीच नाही. लहानपणापासून डोळ्यापुढं आणाची सवय, ती आता माझ्याच मागं लागली. जिनात सरकी निवडाले बसो तं बाजूले शीला बसलेली दिसे. तिच्या पापण्याइवर रुई, केसात रुई, आन् ती खोकून राह्यली. कोणीही बोललं तरी मी तुटून पडो. मानीबाईनं सहज इचारलं, "पोरीचा निकाल कवा लागते वो?" तिच्यासंग भांडली मी. स्वतःसंग भांडता येत नाही ना, मंग मानीबाई.

शेवटी एक दिवशी दुपारच्या सुट्टीत शाळेत गेली, बेबीकडं. नरमीनं बोलाचं ठरवून गेली होती, पण तिले पाह्यलं आन् तोंडून सारं उलटंच निघालं. "तुले तिले बजावून सांगता आलं नाही?" मी ओरडली. "तू ताई ना तिची? मी तं अडाणी, जिनातली बाई. मी काहीबी बोलली असंन रागात. तुले चांगलं समजत होतं ना? मंग काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं," बेबी म्हणे. "शाळेत तं येतच होती ना ती. दोनदा सांगतलं."

"मंग?"

"मंग तिनं तुझं ऐकलं." बेबी खिडकीतून बाहेर पाहून राह्यली होती. "कौसल्ये, चाळीस लेकरं हायेत माझ्या वर्गात. सारी ताई ताई करते. पण घंटा झाली की एकही मांगं वळून पाहत नाही. शीला फाटकात थांबली, मी बी पाहून राह्यली होती, कुठी जाते म्हणून. तुझ्याकडं आली. तुले आनंद झाला, मले दिसला. मले काय झालं असंन?"

मी इतके दिस हिच्यावर जळून राह्यली होती, आन् ही माझ्यावर! थोडंसं बरंही वाटलं, खोटं कायले बोलू. पण त्यानं पोरीचं गणित थोडंच दुरुस्त होणार होतं? "आता काय होईन?" म्या इचारलं. बेबी म्हणे, "बाकीचे पेपर चांगले असतीन तं होईन. नाहीतं नाही." घंटा झाली तशी मी निघाली.

निकाल लागला तो दिवस जिनाच्या सुट्टीचा होता. मी अंगणात मिरच्या वाळू घालून राह्यली होती. बेबी येताना दिसली, आन् पळत येत होती. मास्तरीण, चष्म्यासकट, पळत. मी तिथीच बसली.

"झाली!" बेबी म्हणे. "कौसल्ये, झाली शीलाची स्कालरशिप! आन् ऐक, गणितात पैकीच्या पैकी!"

डोमाजी घरातून बाहेर आले. मानीबाई भिंतीवरून डोकावली. म्या बेबीले गळ्याशी धरलं, तिनं मले धरलं, दोघी रडलो. आन् मंग मी एकदम थांबली.

"पैकीच्या पैकी? अकरा लिहून?"

बेबीही थांबली. "मी तेच इचाराले आली," म्हणे. "अकरा लिहले असते तं पैकीच्या पैकी कुठून येतीन?"

शीला लहान्याले कडेवर घेऊन दारात उभी होती. मी हाक मारली. "शीले, इकडं ये. नालीच्या गणितात किती लिहले होते?"

तिनं लहान्याचं नाक पुसलं.

"सांग वो. कोणी रागावत नाही तुले. पास झाली तू."

"दहा," शीला म्हणे.

"मंग मले अकरा काहून सांगतलं?"

तिनं लहान्याले दुसऱ्या कडेवर घेतलं. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "ताई रागावली तं दुसऱ्या दिवशी बोलते," ती म्हणे. "तू नाही बोलत."

डोमाजी घरात गेले. मानीबाईचं डोकं भिंतीमागं गेलं. बेबीनं माझ्याकडं पाह्यलं नाही, ती मिरच्या पाहत बसली. मले वाटलं, या बाईनं आता काहीतरी बोलावं, टोमणा मारावा, म्हणावं की पाह्य कौसल्ये. तिनं काहीच नाही म्हटलं. फाटकापाशी जिंकली असं मी समजत होती ना? माझ्या पोरीनं पेपरात तपासणाऱ्याले पाह्यजे ते उत्तर लिहलं होतं, आन् फाटकात मले पाह्यजे ते सांगतलं होतं. गणित तिले दोन्ही रीतींनी येत होतं. तिसरं गणित मी होती, तेही तिनं करून टाकलं.

म्या तिले जवळ बोलावलं. आली. डोक्यावरून हात फिरवला, गालावरून फिरवला. म्हटलं, "आता नाही करणार मी तसं. दहा असले तं दहाच सांगत जाय मले." ती हो म्हणे. बेबीसाठी चहा झाला, तिनं पिला, शीलाले पुढच्या शाळेचं सारं समजावून सांगतलं, आन् मी मधात बोलली नाही. एकदाही नाही बोलली.

पण ते हो म्हणणं काही खरं नव्हतं, हे मले आता समजून राह्यलं हाये. पोरगी अजून माझ्या तोंडाकडं पाह्यते. काहीही इचारलं की आधी पाह्यते, मंग बोलते. ताईकडं जाऊ का इचाराले येते तवा पाह्यते. परवा जेवताना मी सहज इचारलं, "शीले, भाजीत मीठ कसं झालं?" तिनं घास तोंडात ठेवला, माझं तोंड पाह्यलं, आन् म्हणे, "बराबर हाये, माय." मंग मी ताट घेऊन बसली. भाजी तोंडात धरवत नव्हती, इतकी खारट झालती.